औषधाची चिठ्ठी आणि तिचा माग



वसंत ऋतूतील व्याख्यानांत मोठमोठे विषय यावेत, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही घेतलेला विषय मात्र कागदाच्या एका कपट्याएवढा आहे. डॉक्टरांनी लिहिलेली औषधाची चिठ्ठी दवाखान्यातून निघाली की पुढे तिचे काय होते, तिचा माग ठेवणारी एखादी व्यवस्था दुकानांतून बसवावी काय, आणि बसवण्यापूर्वी कोणाला काय विचारावे, एवढाच तो विषय आहे. उदाहरणासाठी आम्ही इंदापूर तालुक्यातले अंथुर्णे गाव व त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे.

आधी आमच्या घरातलीच एक गोष्ट सांगतो. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी एकांना रक्तदाबाची गोळी चालू होती. पुढे गुडघ्यांसाठी ते दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे रक्तदाब मोजला गेला व तिथूनही एक गोळी मिळाली. वेष्टनावरची नावे दोन, रंग दोन. पण आतले औषध एकच, अ‍ॅम्लोडिपिन. दोन महिने ते दोन्ही गोळ्या निष्ठेने घेत होते. पाय सुजले, चक्कर येऊ लागली, आणि ती सूज घालवण्यासाठी तिसरी गोळी सुरू होण्याची वेळ आली. एका औषधविक्रेत्याने दोन्ही वेष्टने शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. यात दोष कोणाचा? डॉक्टर दोघेही जाणते, रोगी आज्ञाधारक. फक्त एका चिठ्ठीला दुसरीची ओळख नव्हती.

अंथुर्ण्याकडच्या माणसाची वाट अशीच अनेक दारांवरून जाते. किरकोळ दुखणे जवळच्या दवाखान्यात, त्याहून मोठे बारामतीला किंवा इंदापूरला, आणि हाताबाहेर गेले की पुण्याला. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही चालू आहे. दारे वाढली ही चांगलीच गोष्ट झाली. पण जितकी दारे, तितक्या चिठ्ठ्या.

कायद्याने काहीच केले नाही असे नव्हे. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या परिशिष्टातील औषधांची, म्हणजे क्षयावरची व काही प्रबळ प्रतिजैविकांची, विक्री दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंदवावी असा नियम आहे. डॉक्टरांचे नाव, रोग्याचे नाव, औषध व त्याचे प्रमाण त्या वहीत लिहावयाचे आणि वही तीन वर्षे जपावयाची. पण ही वही तपासणीस अधिकाऱ्यांसाठी आहे. शेजारच्या दुकानातील वहीशी तिचा संबंध नाही, आणि रोग्याला ती दिसतही नाही. सरकारी भांडारांसाठी ‘ई-औषधी’ ही संगणकप्रणाली आहे. तिच्यामुळे गोळ्यांचे खोके कोठून निघाले व कोठे पोचले हे कळते. खोक्याचा माग लागतो. गोळी गिळणाऱ्याचा लागत नाही.

रोग्याचा माग ठेवणे शक्य आहे व उपयोगीही आहे, याचा दाखला क्षयाच्या बाबतीत मिळतो. २०१२ पासून ‘निक्षय’मध्ये क्षयरोग्यांची नोंद होते. एका जिल्ह्यात उपचार सुरू झालेला रोगी दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तरी त्याची नोंद तिकडे पाठवता येते. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या साखरपट्ट्यात येतात, त्यांना याचे मोल विशेष. पण क्षयाला जे आहे ते रक्तदाबाला, मधुमेहाला, फेफऱ्याला अजून सर्वत्र नाही. एस्टोनियासारख्या छोट्या देशात २०१० पासून ओळखपत्र दाखवले की कोणत्याही दुकानात आपली चिठ्ठी उघडते. आपल्याकडेही २०२१ पासून आरोग्याच्या नोंदी जोडण्याचे राष्ट्रीय काम सुरू आहे. तेव्हा यंत्र आज ना उद्या येणारच. प्रश्न एवढाच की, ते आपल्याला विचारून येणार की न विचारता?

विचारण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुक या गावांची पाहणी करून १९१७ व १९२१ साली ती प्रसिद्ध केली. पुढे धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून पाहण्यांची शिस्तच घालून दिली. चावडीवर बसून गाव कळत नाही, घरोघर जावे लागते, हा धडा या कामांतून घ्यावा.

हाच धडा इथे लावून पाहू. दुकानाच्या गल्ल्यापाशी उभे राहून येणाऱ्यांना विचारले, तर उत्तर मिळेल ते येणाऱ्यांचे. पैसे संपले म्हणून जो आलाच नाही, जिच्या गोळ्या नवरा किंवा मुलगा आणतो, जी बाई फडावर कोयता घेऊन उभी आहे, त्यांचे काय? व्यवस्थेची खरी गरज त्यांनाच आहे. म्हणून पाहणी गळिताच्या हंगामात एकदा व हंगाम संपल्यावर एकदा, अशी दोनदा करावी.

प्रश्न कसा विचारावा यालाही महत्त्व आहे. “अशी सोय झाली तर बरे होईल ना?” असे विचारले, तर आपला माणूस भिडेने “हो साहेब” म्हणणारच. त्याऐवजी विचारावे: “मागच्या खेपेला गोळ्या संपल्या, तेव्हा काय केलेत?” “जुनी चिठ्ठी घरात कुठे आहे, दाखवता का?” “घरातला फोन दिवसभर कोणाजवळ असतो?” या शेवटच्या प्रश्नात पुष्कळ काही आहे. औषधाचा निरोप फोनवर येणार आणि फोन मुलाच्या खिशात, तर आईच्या दुखण्याची वार्ता आईआधी मुलाला कळणार.

नोकरवर्गालाही विचारले पाहिजे, आणि वरिष्ठ समोर नसताना विचारले पाहिजे. औषध देणारा, परिचारिका, आशाताई, दुकानातला पोऱ्या, यांच्या हातूनच व्यवस्था चालायची असते. वही चालू ठेवून वर संगणकही भरावयाचा असेल, तर एका कामाची दोन कामे होतात. रांग वाढली की घाईने काहीतरी भरले जाते, आणि खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. वीज गेली तर काय? चूक सापडली तर ती सुधारण्यासाठी की शिक्षेसाठी? याची उत्तरे त्यांना आधी मिळाली पाहिजेत.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. माग ठेवणे आणि पाळत ठेवणे यांत फार अंतर नाही. शहरात दुकानदार अनोळखी असतो. गावात तो भावकीतला असतो, सोयरा असतो. क्षयाची गोळी, मनाच्या आजाराची गोळी, पाळणा लांबवण्याची गोळी कोण घेते हे दहा जणांना दिसू लागले, तर लोक बरे होण्याऐवजी औषधच सोडतील. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एकमताने सांगितले. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. पण ग्रामस्थाला कलमे नकोत. त्याला एवढे कळावे की, माझी नोंद कोण पाहील, आणि मी नको म्हटले तरी मला औषध मिळेल ना? या दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असे स्वच्छ उत्तर नसेल, तर ती संमती नव्हे, ती सक्ती होय.

आणि पाहणी झाल्यावर तिचा निष्कर्ष कपाटात जाऊ नये. ज्यांनी उत्तरे दिली, त्यांच्या ग्रामसभेत तो मराठीतून, नावे वगळून, मोठ्याने वाचावा. लोकांकडून घेतलेले लोकांना परत करणे, ही साधी सचोटी आहे.

हे सारे घडेल तेव्हा घडो. तोवर प्रत्येक घरात चार आण्यांच्या जुन्या हिशेबाच्या वहीसारखी एक वही असू द्या. कोणती गोळी, कोणी दिली, केव्हापासून; आणि दुकानदाराला विचारून औषधाचे मूळ नाव. डॉक्टर बदलला की ती वही पुढे करा. यंत्राला जे उद्या जमणार आहे, ते आज एका शाळकरी मुलीच्या पेन्सिलीला जमते. आमच्या घरी ती वही असती, तर दोन महिन्यांची ती सूज टळली असती.