सॅन फ्रान्सिस्को ते सांगली



संयोजकांनी सांगितलं, "अमेरिकेतल्या नोकरीबद्दल बोल." नोकरीत मी दिवसभर स्क्रीनसमोर बसते, एवढंच. त्यापेक्षा सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई या अंतराबद्दल बोलते.

भूगोलाच्या बाईंनी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून दाखवला होता, आठवतंय? भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पार डाव्या टोकाला. गोलावर मात्र मुंबई ते कॅलिफोर्निया दोरा ताणला की तो वर, उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो. ते अंतर साधारण 13,500 किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर धरून साइन-कोसाइनने ते काढता येतं. कामात मी हे सूत्र कितीदा तरी लिहिलंय. ताशी 900 ने भागलं की 15 तास.

पण विमान दोऱ्यावरून जात नाही. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता हजारावर किलोमीटरने वाढला, तरी वेळ कमी झाला, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि ते पाठीशी आले.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही 2018 साली माझ्या हातून चूक झाली. बाबांना अटॅक आला आणि धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, किती वेळ लागेल?" मी तिकीट बघत होते, दुबईमार्गे. स्क्रीनवर दिसलं ते बोलले, "पावणेसोळा तासांची फ्लाइट आहे." त्याने ऐकलं, ताई सोळा तासांत येतेय. बाबांनाही त्याने तेच सांगितलं.

पावणेसोळा तास फक्त दुबईपर्यंतचे. त्याआधी घर ते विमानतळ आणि तिथली तपासणी, 4 तास. दुबईत 4 तास ताटकळणं, पुढे मुंबई 3 तास, इमिग्रेशन आणि सामान दीड तास, मग गाडीने सांगली 8 तास. छत्तीसच्या वर गेले. बाबा सोळा तासांनंतर दाराकडे बघत होते, असं आई सांगते. मी दुबईच्या बाकावर बसले होते तेव्हा ते गेले. माझ्यासाठी सगळे थांबले होते, मी आल्यावरच बाबांना नेलं.

वेळेवर पोहोचले असते का? नसतेच. विमान काही लवकर उडलं नसतं. पण छत्तीस सांगितले असते, तर भावाने तेव्हाच फोन बाबांच्या कानाशी धरला असता. आम्ही बोललोच नाही, कारण मी "येतच" होते.

आपल्यातल्या निम्म्यांची मुलं आता बाहेर आहेत. त्यांना फ्लाइट किती तासांची ते विचारू नका. त्यांच्या घराच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत किती, ते विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. आईच्या फ्रिजवर मी तो आकडा चिकटवलाय. पावसाळ्यात घाटात गाडी अडकते, म्हणून त्यात 2 तास जास्तीचे धरलेत.