आधी भिंत, मग कोर्ट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजन समितीनं मला दहा मिनिटं दिली आहेत आणि एक प्रश्न दिला आहे. माजी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या निधीतून शाळेच्या मैदानावर टेनिस कोर्ट बांधायचं का? मी पुण्यात बावीस वर्षं लेकरांना टेनिस शिकवतो, म्हणून प्रश्न माझ्याकडं आला. मी 'हो' म्हणणार असं सगळ्यांनी धरलेलं दिसतं. माझं उत्तर आहे, आत्ता नको. आधी एक भिंत बांधा.

पहिलं कारण आपल्या पायाखालीच आहे. आपली जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगलेली. घरांना तडे जातात ते आपल्याला नवीन नाही. पण कोर्टाला तडा गेला की चेंडू तिथून वेडावाकडा उडतो आणि खेळच संपतो. म्हणजे काळी माती खोलवर उकरून काढायची, मुरूम-खडी भरायची, दबाई करायची. वरचा हिरवा-निळा रंग फोटोत दिसतो, पैसा मात्र जमिनीत गाडला जातो. एवढं करून त्यावर एका वेळी खेळणार चौघं. मग कोर्ट खराब होऊ नये म्हणून फाटकाला कुलूप लागतं आणि किल्ली कुणाकडं आहे ते कुणाला माहीत नसतं.

दुसरं कारण लेकरांचं आहे. आपल्या गावात टेनिस बॉल म्हणजे क्रिकेटचा बॉल, हे मला माहीत आहे. मीही तोच बॉल आडव्या बॅटनं वावरात घालवलेला आहे. पण खरा, भरलेल्या हवेचा पिवळा चेंडू आठ वर्षांच्या लेकरासमोर टाकून बघा. टप्पा पडून तो त्याच्या डोक्यापर्यंत येतो. हातात 27 इंची, मोठ्या माणसाची रॅकेट. मग पोरगं मनगटानं कसाबसा चेंडू ढकलतं आणि तीच सवय हाडात मुरते. जगभर हे ध्यानात आलं, म्हणून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं 2012 पासून नियम केला की दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही. त्यांच्यासाठी तीन चेंडू आहेत: लाल सुमारे 75 टक्के मंद, नारंगी 50 टक्के, हिरवा 25 टक्के. लाल चेंडूचं कोर्ट जेमतेम 11 मीटर लांब, जाळी 80 सेंटिमीटर. नारंगीचं कोर्ट 18 मीटर. आता सांगा, आपलं व्हॉलीबॉलचं मैदान किती लांब असतं? 18 मीटर! नारंगी कोर्ट आपल्याकडं आखलेलंच आहे, फक्त जाळी खाली घ्यायची.

आणि एक गोष्ट मी पुण्यातल्या पालकांना नेहमी सांगतो, ती इथं अभिमानानं सांगतो. टेनिसची सर्व्हिस म्हणजे दुसरं काही नाही, डोक्यावरून जोरात फेकणं आहे. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी लेकरांना चेंडू फेकताच येत नाही. खांदा वळत नाही, पाय पुढं येत नाही. पहिले काही महिने मी त्यांना नुसतं फेकायला शिकवतो. आपण चिंचा पाडल्या ते काय होतं? खो-खोत बसलेल्यांच्या रांगेपाशी चवड्यावर उभं राहून समोरच्याचा खांदा बघत, तो हलताच दिशा बदलायची, हेच टेनिसच्या पायांचं काम आहे. समोरचा फटका मारणार त्या क्षणी छोटी उडी घेऊन तयार राहायचं. खो-खो खेळलेल्या पोरीला हे मला शिकवावं लागत नाही. म्हणून टेनिस आणताना शाळेतला खो-खो बंद करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता थोडं कडू बोलतो. इथं पालक बसले आहेत म्हणून.

माझ्याकडं एक मुलगा आला, तेरा वर्षांचा. नाव सांगत नाही. बारा वर्षांखालच्या गटात त्यानं घरभर करंडक जमवले होते. त्याची युक्ती एकच, प्रत्येक चेंडू उंच आभाळात मारायचा आणि समोरचा चुकेपर्यंत थांबायचं. बारा वर्षांच्या मुलांना खांद्यावरचा चेंडू मारता येत नाही, म्हणून तो जिंकत होता. चौदाव्या वर्षी समोरच्यांची उंची वाढली, ताकद आली, आणि तेच उंच चेंडू ते हाणू लागले. दोन वर्षं आम्ही त्याचा खेळ नव्यानं घडवत होतो. सुधारत होता, पण सुधारताना हरावं लागतं. वडिलांना हरणं बघवेना. प्रत्येक सामन्यानंतर गाडीत हिशेब व्हायचा. साडेपंधराव्या वर्षी त्यानं रॅकेट ठेवली. चांगला हात होता त्याचा, अजून डोळ्यासमोर आहे.

बारा वर्षांखालच्या स्पर्धांत एक बारीक गोष्ट असते. बहुतेक सामन्यांत प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे लेकरानं स्वतः सांगायचं. कुंपणापलीकडं बाप उभा, मुठी आवळलेल्या. चेंडू रेषेवर पडलेला त्या पोरीनं पाहिला आहे. ती आधी बापाकडं बघते, मग बोलते. मी प्रशिक्षक म्हणून निकाल लिहून ठेवत नाही, ती कुणाकडं बघते ते लिहून ठेवतो. आणि पालकांना एवढंच सांगतो, सामना संपल्यावर पहिला प्रश्न 'भूक लागली का?' हाच विचारा.

हरण्याचं गणित मोठ्यांनाही चुकलेलं नाही. रॉजर फेडररनं 2024 साली अमेरिकेत पदवीदान समारंभात सांगितलं होतं की कारकिर्दीतले जवळजवळ 80 टक्के सामने त्यानं जिंकले, पण गुण मात्र 54 टक्केच. एवढा मोठा खेळाडूही जवळजवळ निम्मे गुण हरला. घाईचं म्हणाल तर जेनिफर कॅप्रियाटी तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली, सोळाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण, आणि त्यानंतर काही काळ खेळापासूनच दूर गेली. 1995 पासून महिला टेनिसमध्ये कोवळ्या मुलींनी वर्षात किती स्पर्धा खेळाव्यात यावर मर्यादा आली. आपल्याकडची उदाहरणं घ्या. अंकिता रैना 2007 मध्ये अहमदाबादहून पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडं शिकायला आली. जगातल्या पहिल्या दोनशेत पोहोचली 2018 मध्ये. अकरा वर्षं! श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले रोहन बोपण्णाबरोबर आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकली ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, पहिला सेट हरल्यानंतर.

हिचाच आणखी एक धडा आहे. ऋतुजा अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात, तर आपला अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये टेनिस खेळत शिकला. खेळ आणि शिक्षण एकत्र जाऊ शकतं. पण फसवणूक नको म्हणून हेही सांगतो, टेनिस महाग आहे. रॅकेटपेक्षा प्रवास महाग. राष्ट्रीय क्रमवारीत यायचं तर गावोगावच्या स्पर्धा खेळाव्या लागतात, लेकराबरोबर एक मोठं माणूस लागतं, आणि कापसाला भाव नसलेल्या वर्षी ते कुणाला परवडणार? म्हणून पेडगावातून उद्या विम्बल्डनचा खेळाडू निघेल असं वचन मी देणार नाही. मंचावरून तसं बोलणं सोपं आहे, टाळ्याही पडतात.

मग करायचं काय? भिंत. तीन मीटर उंच, आठ मीटर रुंद, पाया खोल, गिलावा गुळगुळीत, त्यावर जाळीच्या उंचीची पांढरी रेघ. खेळताना तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला यावं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन डोळ्यांत येणार नाही. मैदानाच्या कडेची जागा मी आज सकाळी पावलांनी मोजून आलो आहे, वर्गाच्या खिडक्या तिथून लांब आहेत. भिंत कुणाला नाही म्हणत नाही, तिला कुलूप लागत नाही, आणि ती कधी चुकतही नाही. त्याबरोबर वीस लहान रॅकेट, दोन पोती लाल-नारंगी चेंडू, आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांसाठी पुण्यात पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. राहण्याची सोय माझ्या घरी, जेवणासकट. उरलेला निधी बँकेत ठेवा. चार वर्षं बघू. तेव्हाही रोज सकाळी सहाला भिंतीवर ठोका ऐकू येत असेल, तर कोर्टासाठी पहिली वर्गणी माझी घ्या.

चेंडू आणि रॅकेटचा खर्च आमची दहावीची तुकडी करते आहे, हे मी मित्रांना न विचारताच जाहीर करतो. मागच्या रांगेतले दोघं माना हलवत आहेत, त्यांचीही नावं लिहून घ्या. माझी दहा मिनिटं केव्हाच संपली, आणि तिकडं पंगत बसली आहे.