ज्यांना समाधी नाही, त्यांचे स्मरण
(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. तालुका कचेरीत कारकुनी करणारा माणूस. समितीने दोन शब्द बोलायला सांगितले, म्हणून उभा आहे.

देवळाच्या नव्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या फरश्या बसल्या, हे योग्यच झाले. त्या वाचताना मला आमच्या घरातले एक नाव आठवले. ते कोणत्याच दगडावर नाही. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते. एका महिन्यात त्यांची मनिऑर्डर आली नाही, ती पुढे आलीच नाही. शस्त्राने मेलेल्याचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. पण पणजीने ते कधी करू दिले नाही. पोर परत येईल, असेच ती अखेरपर्यंत म्हणत राहिली. सातबाऱ्यावर त्यांचे नाव कितीतरी वर्षे तसेच होते. दाखल्याशिवाय माणूस कागदावर मरत नाही, हे मी कचेरीत रोज पाहतो. आईच्या मनातही तो मरत नाही.

मुंबईहून गावी येताना वाटेत माणगाव लागते. त्या तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतले सगळे जवान पडले, कोणी ठार, कोणी जखमी. सोबतीला कोणी उरले नाही हे दिसत असूनही ते एकटे धावून गेले. हातगोळ्याने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदूक पुन्हा भरायला उसंत नव्हती, म्हणून ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. शेवटी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, जिंकलेल्या त्याच मोर्चावर त्यांनी देह ठेवला. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एवढ्या मोठ्या वीराचीही समाधी कोठे नाही. इटलीत कॅसिनो येथे, ज्यांच्या समाध्या सापडल्या नाहीत अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे. माणगावात तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे. २०२३ साली इटलीतील मोंटोने गावातही त्यांच्या नावाचे स्मारक झाले. परक्या मुलुखाने आठवण ठेवली. मग आपण का ठेवू नये?

म्हणून माझी एक विनंती आहे. या सभामंडपात एक साधा दगड बसवावा. परत न आलेल्या आपल्या गावच्या शिपायांची नावे त्यावर असावीत. रकमेचा आकडा त्यावर नसेल. त्यांनी दिले त्याचा आकडा होत नाही. प्रत्येकाने घरातल्या जुन्या पेट्या उघडाव्यात. पदके, पत्रे, पेन्शनचे कागद शोधावेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत पुष्कळ शिपायांच्या नावापुढे गावही लिहिलेले असते. आमच्या माणसाचे नाव मी अजून शोधतो आहे. तुमचे अर्ज मी स्वतः बसून लिहून देईन.

दिवेलागणीला देवापुढे निरांजन लागेल, तेव्हा त्याचा थोडा उजेड त्या दगडावरही पडो, एवढीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना करून मी रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!