साहेबांचा जाच आणि कायदा

वरिष्ठ सतत पाणउतारा करतात, धमकावतात, तर दाद कुठे मागायची?

नुसत्या तुसड्या वागणुकीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. मात्र मारहाण झाली किंवा जिवाची धमकी मिळाली, तर भारतीय न्याय संहितेखाली पोलिसांकडे जाता येते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला, तर 1989चा अॅट्रॉसिटी कायदा आहे.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष महिला असते आणि निम्म्या तरी सदस्य महिला असतात. माणसे दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा, मेसेज पुसू नका आणि तक्रारीची पोच घ्या. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो.