वकील, रेसिडेंट आणि एजंट जनरल



गटांच्या बैठकांत एक प्रश्न आम्हांला नेहमी ऐकू येतो. "ग्रामसंघात आपली जी ताई जाते, तिला अधिकार किती?" हा प्रश्न जुनाच आहे. एका राज्याने दुसऱ्या राज्यात आपला माणूस ठेवला की हेच विचारलं जायचं, आणि उत्तर बहुतेक त्याच्या पदाच्या नावातच असायचं. अशा तीन नावांशी आपल्या धाराशिव भागाचा संबंध आला. आज त्यांच्याबद्दल बोलू.

पहिलं नाव वकील. आज वकील म्हटलं की काळा कोट आठवतो. पण या अरबी शब्दाचा अर्थ आहे, ज्याच्यावर आपलं काम सोपवलं तो. पेशवाईत दुसऱ्या दरबारात राहून आपल्या राज्याचं बोलणं करणाऱ्याला वकील म्हणत. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील होते गोविंदराव काळे. चौथाईच्या थकबाकीचं बोलणं करायचं आणि दरबारात काय चाललंय ते नाना फडणविसांना पत्रांनी कळवायचं, हे त्यांचं काम. बोलण्याने वाद मिटला नाही, तेव्हा मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला लढाई झाली. खर्डा आपल्या भूम-परंड्याच्या शेजारीच आहे.

दुसरं नाव रेसिडेंट. साधा अर्थ, राहणारा. कंपनी सरकार दरबारात कायम राहणारा आपला माणूस ठेवी. पुण्यात १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा पहिला रेसिडेंट आला. हैदराबादेतही रेसिडेंट होता. नाव असं की जणू पाहुणाच. पण हळूहळू घरमालकाला त्याला विचारल्याशिवाय काही करता येईना. हैदराबादेत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कंटिन्जंट नावाची फौज होती, आणि तिचा खर्च निजामाच्या माथी. पैसे थकले, कर्ज वाढलं. मे १८५३ मध्ये तह झाला आणि वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. कर्जापोटी शेत सावकाराकडे जावं, तसा मुलूख गेला. नळदुर्गला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कारभार पाहू लागला. १८६० मध्ये आपला भाग निजामाकडे परत आला. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं. ही सगळी देवघेव वरच्या वर झाली. इथल्या शेतकऱ्याला, त्याच्या घरच्या बाईला कुणी विचारलं नाही.

तिसरं नाव एजंट जनरल. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं नाही. म्हणजे आपला जिल्हाही बाहेरच राहिला. २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला. एकमेकांकडे एजंट ठेवायचे, असं त्यात ठरलं. त्याप्रमाणे जानेवारी १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी भारताचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत आले. इथे नाव नीट पाहा. राजदूत परक्या देशात पाठवतात. मुन्शींना राजदूत म्हटलं असतं, तर हैदराबाद हा वेगळा देश आहे, आणि आपण सगळे परके आहोत, हे मान्य केल्यासारखं झालं असतं. एका शब्दात एवढं अडकलेलं होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्या पदाचं कामच संपलं. तोच दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. हैदराबादेत कोठी भागात रेसिडेंटची मोठी हवेली होती. तिथे पुढे मुलींचं महाविद्यालय भरू लागलं.

आता आपल्या गटाकडे येऊ. वकिलाचं बळ त्याला पाठवणाऱ्याकडून येतं. आपली ताई ग्रामसंघात किंवा बँकेत जाते, तेव्हा ती आपली वकील असते. म्हणून तिला नुसतं "जाऊन ये" म्हणू नये. बैठकीत ठराव करून वहीत लिहावं: ती कशासाठी जाते, काय बोलायचं, कोणत्या गोष्टीला तिने तिथेच होकार द्यायचा आणि कोणती आधी गटाला विचारायची. परत आल्यावर तिने सगळ्यांपुढे सांगावं. पाठवणाऱ्यांनी विचारणं सोडलं, की वकिलाचा रेसिडेंट व्हायला वेळ लागत नाही. आणि आपण विचारत राहिलो, तर त्या ताईलाही बळ येतं. उद्या कुणी बोट दाखवलं तर ठरावाची वही तिच्या बाजूने उभी राहते.

कोर्टातही तेच. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी ते वाचून घ्या, येत नसेल तर वाचायला लावा. कोऱ्या कागदावर मात्र अंगठा देऊ नका. काम दुसऱ्यावर सोपवलं तरी ते आपलंच राहतं.

पुढच्या बैठकीत ठरावाची वही उघडा आणि आपल्या प्रतिनिधीच्या नावापुढे काय लिहिलंय ते एकदा मोठ्याने वाचा. काहीच लिहिलेलं नसेल, तर त्याच बैठकीत लिहून घ्या.