कललेले घर



चित्रकलेतले मला फारसे कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. हे छापील चित्र हातोहात पुढे द्या, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. पिवळसर भिंतींचे मोठे घर, लाल कौले, भोवती झाडे, उजवीकडे शेतावरच्या इमारती. पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराने १८८५ ते १८८७ च्या सुमारास हे रंगविले. मूळ चित्र प्रागला आहे. नीट पाहा, घर डावीकडे कलले आहे. गवंड्याने ओळंबा लावला तर भिंत पाडायलाच सांगेल!

हे जास द बुफाँ. दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावाबाहेरचे सेझानच्या वडिलांचे घर. टोप्यांच्या व्यापारातून पेढीवाले झालेल्या या गृहस्थांनी ते १८५९ साली घेतले. पुढे पॅरिसमध्ये मुलाची ओर्तान्स नावाच्या मुलीशी गाठ पडली आणि १८७२ साली त्यांना मुलगा झाला. पण वडील दरमहाचे पैसे तोडतील, या धास्तीने सेझानने दोघांना लपवून ठेवले. तेहतीस वर्षांचा बाप्या! आईला मात्र ठाऊक होते, आयांना असतेच. १८७८ मध्ये वडिलांनी मुलाचे एक पत्र फोडले, बिंग फुटले आणि रक्कम घटली. तेव्हा कादंबरीकार मित्र झोला ओर्तान्सला दरमहा साठ फ्रँक धाडू लागला.

लग्न लागले २८ एप्रिल १८८६ रोजी. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. त्याच ऑक्टोबरात वडील वारले.

चित्र या दिवसांतले आहे. म्हणून घर कलले, असे मी म्हणणार नाही. जाणकार त्याची कारणे निराळी देतात. पण अंगणात माणूस नाही, हे माझ्या डोळ्यांतून जात नाही.

ओर्तान्स त्या घरात रुळली नाही. ती बहुतेक पॅरिसला राहिली, तो आईजवळ. नवऱ्याच्या मित्रांनी तिला नावे ठेवली, चरित्रकारांनीही तीच री ओढली. ती चित्रांत कधी हसत नाही, असाही एक आक्षेप! त्याने तिची तैलचित्रेच एकोणतीस काढली. तासन्‌तास हलायचे नाही, आणि वर हसायचेही?

१८९१ च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात ती त्याच घराच्या काचगृहात बसली आहे. मागे झाड, बाजूला कुंड्या, हात मांडीवर. चेहरा बराचसा पुरा झाला आहे. झगा मात्र अर्धवटच राहिला.