शाळेचा हजेरीपट आणि समाजाचा निधी



शाळा बंद पडली म्हणजे मुलांचा अभ्यास तेवढा बुडतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. हजेरीपट चाळण्यात हयात गेलेल्या आम्हांस ती अपुरी वाटते. १९९५ साली सुरू झालेल्या माध्यान्ह भोजन योजनेमुळे कित्येक लेकरांचे दिवसाचे मुख्य जेवण शाळेतच होत आले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ, तर सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य व ३० ग्रॅम डाळ, हे त्याचे प्रमाण. जंतांची गोळी, लोहाची गोळी आणि वैद्यकीय तपासणी याही शाळेतच होतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळांना कुलपे लागली, तेव्हा ही सारी सोय खंडित झाली.

१८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन या प्रश्नाची दखल घेतली. पुढे शिजविलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा वाटण्यात येऊ लागला. परंतु शिधा घरी पोचला म्हणजे तो मुलाच्या मुखी पडलाच, असे नव्हे. ज्या घरी रोजगार बुडाला, तेथे एका मुलाचा तांदूळ साऱ्या कुटुंबाच्या ताटांत वाटला जाणार, हे उघड आहे.

कोणाच्या घरी चूल थंड आहे, कोणते मूल आजारी आहे, कोणाचे पालक गाव सोडून गेले, हे शिक्षकास ठाऊक असते. परंतु त्याच्यापाशी द्रव्य नसते. समाजापाशी सभागृह, भांडीकुंडी, निधी व उत्साही तरुण असतात. परंतु गरजूंची यादी नसते. या दोहोंची सांगड संकट येण्यापूर्वीच घातली पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असून तिचे किमान पाऊण सभासद पालक असतात. त्या समितीशी बोलून दरवर्षी जून महिन्यात यादी करावी. शाळा बंद ठेवण्याची वेळ आलीच, तर गर्दी न जमविता शिजविलेल्या अन्नाचे डबे मुलांच्या दारी पोचवावेत आणि आजारी मुलाची वार्ता आशाताईंस कळवावी.

“निधी ज्ञातीचा, मग तो परक्यांस का द्यावा?” असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, साथ आडनाव पाहून येत नाही. शेजारच्या वस्तीतील मूल उपाशी व आजारी असता आपली मुले सुरक्षित कशी राहतील? आणि स्वार्थाचा विचार क्षणभर बाजूस ठेवला, तरी पुण्याच्या प्लेगात शिक्षिका सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा करताना जात पाहिली नाही, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, हे आपण विसरू नये.

तेव्हा मदत ज्ञातीच्या नोंदवहीवरून न देता शाळेच्या हजेरीपटावरून द्यावी, असा ठराव या सभेने करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.